एसीपी प्रद्युमन 'गेले' तेव्हा

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सोनी वाहिनीनं एक चित्र प्रसिद्ध केलं. एसीपी प्रद्युमन यांचा चेहरा, एक युग संपलं अशा अर्थाचे शब्द आणि खाली दोन सालं : १९९८ ते २०२५. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीची असते तशीच मांडणी. 'सीआयडी' या हिंदी पोलिसी मालिकेच्या कथेत बार्बोसा नावाच्या गुन्हेगारानं घडवलेल्या स्फोटात प्रद्युमन मारले गेले होते. कथा कुणाला माहीत नसती आणि नुसतं चित्र समोर आलं असतं, तर ही भूमिका करणारे शिवाजी साटम यांचंच काही बरंवाईट झालं असं वाटून काळजात धस्स झालं असतं.

त्यानंतर देशभरातून प्रतिक्रियांचा पूर आला. कुणी रडलं, कुणी चिडलं, कुणी मालिका पाहणं सोडण्याची धमकी दिली. प्रद्युमन नसतील तर सीआयडी कसली, हा सूर सगळीकडे सारखाच होता. आणि हे सांगणारी माणसं फक्त शाळकरी मुलं नव्हती. पस्तिशी-चाळिशी गाठलेले, नोकरीधंद्यात मुरलेले लोक त्यात होते, नातवंडं असलेल्या बायका होत्या.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. मुंबईच्या ज्या गोरेगावात दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, ते वेगळं. तिथं मालिका तयार होतात, इथं त्या पाहिल्या जातात. सोयाबीन, तूर आणि हळदीच्या या पट्ट्यात माझी एक मावशी राहते. त्या आठवड्यात तिच्याशी फोनवर बोलणं झालं. पीकपाण्याचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, "सायबाला मारलं बघ त्यांनी. आता पहावं तरी काय?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती. घरातल्या पोरांनी तिला हसून वेड्यात काढलं होतं, तेही तिनं सांगितलं.

त्या पोरांचं चुकलं, असं मला मनापासून वाटतं. मावशीचं दुःख खरं होतं. ते का खरं होतं, हे समजावून सांगता येतं. त्यामागे सत्तावीस वर्षांचा सहवास आहे, माणसाच्या मनाची घडण आहे आणि गावाकडच्या माणसाचा न्यायाशी आलेला संबंधही आहे.

आधी मालिकेबद्दल. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली. निर्माते बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. दूरदर्शनच्या काळात त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलिसी मालिका केली होती. शिवाजी साटम त्या मालिकेत होते, म्हणजे त्यांचा पोलिसी चेहरा मराठी घरांना हिंदीच्या आधीपासून ओळखीचा होता. मूळचे ते बँकेतले. सेंट्रल बँकेत रोखपाल म्हणून काम करता करता रंगभूमीवर आले, मग चित्रपटांत. 'वास्तव'मधला असहाय बाप आणि 'उत्तरायण'मधला उतारवयातला हळवा माणूस त्यांनीच साकारला. पण हाताची बोटं हवेत फिरवत काहीतरी गडबड असल्याचं सांगणारा एसीपी या सगळ्यांना पुरून उरला.

२७ ऑक्टोबर २०१८ ला मालिका थांबली तेव्हा तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. २००४ मध्ये तिचा १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित झाला, त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. सहा वर्षांच्या खंडानंतर २१ डिसेंबर २०२४ ला मालिका परत आली. आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, दयानंद शेट्टी यांचा दया आणि साटम यांचे प्रद्युमन पुन्हा एकत्र दिसले, आणि जेमतेम साडेतीन महिन्यांत प्रद्युमन यांना मारण्यात आलं.

शहरात अनेकांना वाटतं की ही मालिका २०१८ नंतर सहा वर्षं बंद होती. गावाकडे ती बंद नव्हती. दूरदर्शनची मोफत डिश सेवा २००४ च्या अखेरीस सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचा खर्च नाही. त्यामुळे मराठवाड्यातल्या खेड्यांत ती घरोघर गेली. मोठ्या वाहिन्यांनी या सेवेवर आपल्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या फुकट वाहिन्या आणल्या. सोनीची 'सोनी पल' त्यांतलीच, आणि तिच्यावर 'सीआयडी'चे जुने भाग लागत. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रेक्षकमोजणीत पहिल्यांदा ग्रामीण भाग धरला गेला आणि याच फुकट वाहिन्या एकदम वरच्या क्रमांकांवर आल्या. मुंबईतल्या जाहिरातवाल्यांना त्याचं आश्चर्य वाटलं. खेड्यात राहणाऱ्याला वाटण्याचं कारण नव्हतं. दुपारी जेवणं उरकल्यावर, शेतातली कामं सरल्यावर, भारनियमनातून वीज आली की सीआयडी लागलेलीच असे. पुढे मोबाइलवर तेच भाग आले आणि नातवंडं आजीच्या शेजारी बसून पाहू लागली. एका घरातल्या तीन पिढ्यांना एकच माणूस ओळखीचा असावा, असं नातेवाइकांच्या बाहेर फार क्वचित घडतं.

या ओळखीचा शास्त्रीय अभ्यास १९५६ पासून झालेला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी त्या वर्षी एक निबंध लिहिला. दूरचित्रवाणी तेव्हा अमेरिकेतही नवीच होती. त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरचा निवेदक किंवा पात्र रोज घरात येतं, डोळ्यांत पाहून बोलतं, ठरलेल्या वेळी येतं आणि ठरल्यासारखंच वागतं. पाहणाऱ्याच्या मनात त्याच्याशी एक जिव्हाळा तयार होतो. हा जिव्हाळा एकतर्फी असतो, कारण पडद्यावरच्या माणसाला पाहणारा कोण हे ठाऊक नसतं. पण एकतर्फी आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. या संबंधाला मराठीत आभासी सख्य म्हणता येईल.

माणसाचा मेंदू चेहरे ओळखायला फार लवकर शिकतो. वारंवार दिसणारा, ओळखीच्या आवाजात बोलणारा, ओळखीच्या सवयी असलेला माणूस आपलाच, ही खूणगाठ आपण पिढ्यान् पिढ्या बाळगून आहोत. पडदा येऊन शंभर-सव्वाशे वर्षंच झाली. त्याआधीच्या हजारो वर्षांत जो चेहरा रोज दिसे तो खरोखरच घरातला, गल्लीतला, गावातला असे. पडद्यावरचा चेहरा या हिशेबातून वगळावा, अशी वेगळी सोय आपल्या मनात नाही. हे सगळं खोटं आहे हे बुद्धीला कळतं, पण ओळख त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

मराठी माणसाला याचा पुरावा परदेशी निबंधांत शोधायची गरज नाही. निळू फुले यांचा अनुभव आठवावा. पडद्यावर त्यांनी रंगवलेले पाटील आणि पुढारी इतके जिवंत होते की गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्षात पाहूनही दचकत, त्यांच्याबद्दल खरोखरीचा राग बाळगत. सेवादलात वाढलेला, समाजकार्यासाठी आयुष्यभर झटलेला हा सज्जन माणूस. तरीही पात्र त्याच्या अंगाला चिकटलं. राग चिकटतो तशीच माया चिकटते. प्रद्युमन यांच्या वाट्याला माया आली.

या मालिकेत एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कौटुंबिक मालिकांत आपल्याला पात्रांचं स्वयंपाकघर माहीत असतं, त्यांची लग्नं, भांडणं, बाळंतपणं माहीत असतात. सीआयडीमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. प्रद्युमन घरी काय जेवतात, सुट्टीत काय करतात, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलंच नाही. दिसलं ते काम. ते येतात, प्रेताजवळ गुडघ्यावर बसतात, प्रश्न विचारतात, न्यायसहायक तज्ज्ञ डॉ. साळुंखेंशी हुज्जत घालतात आणि गुन्हेगाराला पकडतात. त्यांच्या घरातलं जे थोडं दाखवलं ते भयंकर होतं. मुलगा नकुल गुन्हेगारीकडे वळलेला आणि बापानंच त्याला गोळी घातलेली. यातून प्रेक्षकाच्या मनात बसलं ते एवढंच : या माणसाला कामाखेरीज दुसरं काही उरलेलं नाही, आणि जे उरलंय ते आपल्यासाठी, म्हणजे सामान्य माणसाला न्याय मिळावा म्हणून आहे. अशा माणसाला घर नसलं की बघणारा त्याला आपल्या घरात जागा देतो. मावशी त्यांना 'सायेब' म्हणते ते त्यामुळेच. तिच्या आयुष्यात भेटलेल्या साहेबांपैकी तिच्या बाजूनं प्रश्न विचारणारा हा एकच.

इथं गोरेगावकडे पुन्हा पाहायला हवं. गावात पोलीस ठाणं आहे. ठाण्याची पायरी चढणं ही खेड्यातल्या माणसाला आजही सहज वाटणारी गोष्ट नाही. ठाणेदार, बीट जमादार, पोलीस पाटील हे शब्द इथं रोजच्या बोलण्यात आहेत. गावात काही घडलं तर पंचनाम्यावर सही करायला पंच म्हणून शेजारीच उभा राहतो आणि काही वर्षांनी त्याला हिंगोलीच्या न्यायालयात साक्षीचं समन्स येतं. तोवर पिकं निघून गेलेली असतात, काही वेळा साक्षीदारही गेलेले असतात.

पडद्यावरच्या आणि प्रत्यक्षातल्या तपासात किती अंतर आहे, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. एसीपी हे पद, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत असतं. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात आणि एसीपीच्या दर्जाचा अधिकारी उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून काम करतो. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. कोठडीतले मृत्यू, सरकारनं किंवा न्यायालयानं सोपवलेली गंभीर प्रकरणं तिच्याकडे जातात. गावात खून झाला तर पहिला तपास स्थानिक ठाणं करतं आणि बहुतेक वेळा जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा, बातम्यांतली 'एलसीबी', मदतीला येते. दार तोडायला मालिकेतला दया येत नाही. पोस्टमॉर्टेम ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात होतं. विषाचा संशय असला तर व्हिसेरा राखून ठेवतात आणि तो प्रयोगशाळेकडे जातो. मराठवाड्यात अशा प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. डॉ. साळुंखे परीक्षानळी हलवून दोन मिनिटांत जे सांगतात, त्याचा प्रत्यक्षातला अहवाल यायला आठवडे जातात, कधी महिने.

यात पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. एका ठाण्याकडे अनेक गावं, बंदोबस्त, यात्रा, निवडणुका आणि वर तपास. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे साळुंखेंसारखा तज्ज्ञ गावापर्यंत पोहोचायला कायद्यानंही वेळ दिला आहे.

या पार्श्वभूमीवर गुन्हेकथा माणसाला काय देते ते कळतं. पहिल्या दृश्यात कुणीतरी मरतं, घडी विस्कटते. शेवटच्या दृश्यात गुन्हेगार सापडतो, घडी बसते. प्रत्यक्षात जे वर्षानुवर्षं लोंबकळतं ते इथं तासाभरात निकाली निघतं. ही हमी देणारा माणूस म्हणजे तपास अधिकारी. बळी जाणारी पात्रं दर भागात बदलतात, त्यांच्यासाठी आपण रडत नाही, कारण त्यांच्या मृत्यूचा जाब विचारणारा कुणीतरी आहे याची खात्री असते. हमी देणाराच मेला, तर जाब कोण विचारणार? प्रद्युमन यांच्या मृत्यूवरचा संताप पाहताना मला हे सतत जाणवत होतं. लोकांनी एक आवडता माणूस गमावला होता आणि त्याबरोबर दर भागात मिळणारी एक खात्रीही.

आता त्या भागातल्या रडण्याकडे. रडू आणण्याचं तंत्र असतं आणि ते जाणून घेतल्यानं रडण्याची किंमत कमी होत नाही. मालिकेत मृत्यू दाखवताना कॅमेरा मरणाऱ्यावर फार वेळ थांबत नाही, मागे राहिलेल्यांच्या चेहऱ्यांवर थांबतो. दया आणि अभिजीत ही आजवर भक्कम उभी राहिलेली माणसं. ती कोसळलेली दिसली की बघणाऱ्याचाही बांध फुटतो. घरात मयत झाल्यावर कर्ता माणूस रडेपर्यंत बाकीचे दाबून धरतात, हे आपण पाहिलेलं असतं. त्यात जुन्या प्रसंगांचे तुकडे मिसळतात, ओळखीचं संगीत संथ होतं. त्या जुन्या तुकड्यांबरोबर प्रेक्षकाला आपलीही वर्षं दिसतात : शाळा, वसतिगृह, आता हयात नसलेले आजोबा, मोडलेला जुना टीव्ही. अश्रूंतला मोठा वाटा या आठवणींचा असतो.

आपल्या परंपरेनं यावर फार खोल विचार केलेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात करुण रस आहे. भट्टनायक आणि पुढे अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाची कल्पना मांडली : रंगमंचावरचं दुःख अमक्या एका माणसाचं राहत नाही, ते सगळ्यांचं होतं, आणि म्हणून प्रेक्षक ते सोसू शकतो, त्यातून आनंदही घेऊ शकतो. पण या विचारासमोर नाटक होतं, जे एका रात्रीत संपतं. पडदा पडतो, माणूस घरी जातो. सत्तावीस वर्षं सोबत राहिलेली मालिका हा प्रकार त्या आचार्यांसमोर नव्हता. इथं प्रेक्षक घरी जात नाही, कारण रंगमंचच त्याच्या घरात आहे. पात्र त्याच्याबरोबर म्हातारं होतं. सगळ्यांचं होण्याऐवजी ते दुःख उलट त्याचं एकट्याचं, खासगी होत जातं. मालिकेतला मृत्यू नाटकातल्या मृत्यूपेक्षा जिव्हारी का लागतो, त्याचं उत्तर मला इथं सापडतं.

संत नामदेवांचं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे आणि कीर्तनाची सवय इथल्या कानांना पिढ्यान् पिढ्यांची. कीर्तनात श्रियाळ-चांगुणेचं आख्यान लागतं. अतिथी होऊन आलेला शंकर पोटच्या पोराचं मांस मागतो, आणि आईबाप सत्त्व राखण्यासाठी चिलया बाळाला मारतात. उखळात त्याचं शिर कांडणाऱ्या चांगुणेचा प्रसंग आला की सभामंडपातल्या बायका पदराला डोळे पुसतात. यातल्या प्रत्येकीला ठाऊक असतं की शेवटी देव प्रसन्न होणार आणि चिलया जिवंत होऊन धावत येणार. दर वेळी ठाऊक असतं, दर वेळी त्या रडतात. मेलेलं पात्र परत येणं आपल्याला नवीन नाही, आणि त्यात फसवणूकही नाही. कीर्तनकार आणि श्रोते यांच्यात एक जुना करार आहे : आपण मिळून या दुःखातून जाऊ आणि मिळून बाहेर येऊ.

वाहिनीनं हा करार मोडला. प्रद्युमन यांच्या बाबतीत पुढे जे झालं ते असं. साटम यांनी पत्रकारांना सांगितलं की आपण काही काळ सुट्टी घेतली आहे, आपली भूमिका संपली की नाही हे आपल्याला सांगण्यात आलेलं नाही, आणि संपली असेल तर तेही आपण स्वीकारू. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या नटाचं हे बोलणं शांत आणि प्रतिष्ठेचं होतं. त्यांच्या जागी पार्थ समथान हा तरुण अभिनेता एसीपी आयुष्मान म्हणून आला. प्रेक्षकांनी त्याला मनानं स्वीकारलं नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. काही आठवड्यांतच साटम परतणार अशा बातम्या आल्या आणि ते परतलेही. प्रद्युमन मेलेच नव्हते, असं कथेनं सांगितलं.

असं आधीही घडलेलं आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्याच्या कड्यावरून नाहीसं केलं. 'स्ट्रँड' मासिकाचे हजारो वर्गणीदार तुटले असं सांगतात. लंडनच्या तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्याची गोष्टही सांगितली जाते, पण तिला त्या काळातला ठोस आधार सापडत नाही. दुःखाच्या भोवती दंतकथा जमतात त्या अशा. डॉयल यांनी १९०१ मध्ये होम्सची आधीच्या काळातली एक कथा लिहायला घेतली आणि १९०३ मध्ये त्याला थेट जिवंत करून परत आणलं. आपल्याकडे ३ जुलै २००० ला सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मालिकेत नायक मिहिर विराणीला मारलं तेव्हा घराघरांत सुतक असल्यासारखं वातावरण झालं. वाहिनीकडे विनवण्या गेल्या आणि मिहिरही परत आला.

होम्स आणि प्रद्युमन यांच्यात मला एक मोठा फरक दिसतो. डॉयल यांना होम्सला खरोखरच संपवायचं होतं. ते त्याला कंटाळले होते, वेगळं लिहू पाहत होते. लोकांच्या रेट्यापुढे दहा वर्षांनी ते नमले. प्रद्युमन यांचा मृत्यू काही आठवड्यांत उलटवता आला. मृत्यू मागे घेता येईल अशी दारं कथेत उघडी ठेवायची आणि बाहेर मात्र जन्म-मृत्यूची सालं घालून श्रद्धांजली वाहायची, हे मला पटत नाही. कथेच्या आत काय वाटेल ते घडो, तो लेखकाचा हक्क आहे. पण श्रद्धांजली ही कथेबाहेरची, खऱ्या माणसांची रीत आहे. ती जाहिरातीसाठी वापरली की पुढच्या वेळी लोक खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवायला कचरतात.

आणि सीआयडीच्या या कुटुंबानं खरा मृत्यू पाहिलेला होता. फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला वारले. वय अवघं सत्तावन्न. मालिकेतला हसवणारा, भोळा इन्स्पेक्टर. काही भागांचं लेखनही त्यांनी केलं होतं. तेव्हा मालिका बंद होती, तरी लोक हळहळले, जुने भाग पुन्हा पाहिले गेले. नवी मालिका आली तेव्हा त्यांची जागा रिकामी होती आणि ती कुठल्याही कथानकानं भरून येणार नव्हती. प्रेक्षकांनी ते समजून घेतलं, त्याबद्दल कुणावर रागावले नाहीत. प्रद्युमन यांच्या वेळी मात्र ते रागावले, कारण हा मृत्यू कुणीतरी ठरवला होता. जिथं ठरवणारा आहे तिथं जाब विचारायची सवय त्यांना याच मालिकेनं लावली होती.

मानसशास्त्रज्ञांनी या दुःखाचा पुढेही अभ्यास केला आहे. इस्रायलमधील संशोधक जोनाथन कोहेन यांनी आवडतं पात्र पडद्यावरून गेलं तर माणसाला काय वाटतं, याचं मोजमाप करायचा प्रयत्न २००० नंतरच्या दशकात केला. पुढे २००४ मध्ये संपलेल्या 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांवरही असं काम झालं. यातून दिसलं ते असं की असा विरह खऱ्या मैत्रीच्या ताटातुटीसारख्याच वळणानं जातो, त्याची तीव्रता मात्र सहसा कमी असते, आणि पात्राशी जवळीक जितकी जास्त तितकी हुरहुर जास्त. एकटेपणानंही ती वाढते. गोरेगावच्या घराघरांतली तरुण मुलं पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला गेलेली आहेत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या संध्याकाळी कोण सोबत करतं, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात पाहावं.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. काही दुःखांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. कुत्रं मेलं, गर्भ टिकला नाही, लग्न न झालेला जोडीदार गेला, की लोक म्हणतात, त्यात काय एवढं. मान्यता नसली की दुःख बोलता येत नाही आणि बोलता आलं नाही की ते लांबतं. आपल्या खेड्यांत माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात, दहाव्याला जमतात, तेराव्याला जेवतात, दुखवटा सगळे मिळून पेलतात. पडद्यावरचा माणूस गेला तर भेटायला कुणी येत नाही. म्हणून लोकांनी फोन केले, एकमेकांना संदेश पाठवले, वाहिनीवर राग काढला. त्यांना दुखवटा पाळायचा होता आणि त्यासाठी ठरलेली रीत नव्हती.

मावशीच्या बोलण्यात पुढे काय आलं ते सांगतो. प्रद्युमन यांच्यावरून ती काकांवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर गेली. काका पोलिसांत नव्हते, साधे शेतकरी होते, पण सीआयडी लागली की आवाज मोठा करायला सांगत, आणि खुनी कोण हे मध्यंतरातच ओळखल्याचं घरभर जाहीर करत. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. टीव्हीवरचा साहेब गेला आणि तिला काका पुन्हा गेल्यासारखं झालं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातलं कुणी, लहान असो की म्हातारं, मालिकेतल्या मृत्यूनं रडलं तर हसू नका. शेजारी बसा आणि विचारा, तुला कोण आठवलं? लहान मुलाला आधी सांगा की तो नट सुखरूप आहे, मग त्याला रडू द्या. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचा आवडता कार्यक्रम बंद झाला असेल, तर त्या वेळेला त्यांना फोन करा. आणि कुणाचं उदासपण आठवडा-दोन आठवड्यांनंतरही उतरत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.